बोटीमागे जाण्याआधी: वॉटर स्कीइंग, बंपर आणि बनाना राइडसाठी नाशिककरांना मार्गदर्शन

बोटीमागे दोरी धरून जाणाऱ्या माणसाकडे ब्रेक नसतो. वेग बोटवाला ठरवतो, वळण तोच घेतो, समोरचं पाणीही त्यालाच आधी दिसतं. मागच्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हँडल सोडून देणं. म्हणून नव्या माणसाने आधी सोडायला शिकावं, उभं राहायला मग, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्या बोटीमागे जायचं तिच्यातली माणसं नीट पारखून घ्यावीत, कारण अर्धा जीव त्यांच्या हवाली असतो.

आपल्याकडे या खेळांशी पहिली गाठ बहुधा गंगापूर धरणाच्या पाण्यावर पडते, नाहीतर सुट्टीत कोकणात, तारकर्ली, दिवेआगर किंवा अलिबागला. बंपर, बनाना (बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या, बसायच्या हवेच्या ट्यूब) आधी भेटतात, स्की (पायांना बांधायच्या लांब पट्ट्या) नंतर. नियम बरेचसे सारखेच आहेत. जिथे फरक आहे तिथे तो वेगळा सांगतो.

आधी तलावात

"पोहता येतं का?" या प्रश्नाला "थोडंफार येतं" हे उत्तर धरणावर पुरत नाही. तलावात तळ दिसतो, चार हात मारले की कठडा लागतो. धरणात पाणी गढूळ, तळ कुठे आहे ते कळत नाही आणि काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावात किंवा घराजवळच्या कुठल्याही तलावात दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. पाठीवर पडून पाच मिनिटं शांत तरंगता आलं पाहिजे. आणि अचानक डोकं पाण्याखाली गेलं तर नाकाने हवा सोडत, न घाबरता वर येता आलं पाहिजे.

तलावावर परवानगी मिळाली तर एकदा लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात उतरा आणि मुद्दाम पालथे पडा. या खेळांत वापरतात ती जॅकेटं माणसाला तरंगवतात, पण बेशुद्ध माणसाचं तोंड आपोआप वर करतीलच असं नाही. पालथं पडल्यावर गुडघे पोटाशी घ्यायचे, डोकं मागे टाकायचं आणि कुशीवरून उताणं व्हायचं. हे कोरड्या जमिनीवर वाचून येत नाही.

मान-पाठीचं दुखणं, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर हे खेळ टाळा. "हळू चालवतो, काही होत नाही" या आश्वासनावर जाऊ नका. पाण्यावरचा दणका बोट हळू असली तरी बसतो.

कुठे जायचं, कधी जायचं

धरण म्हणजे अडवलेली नदी. पाण्याखाली कधीकाळची शेतं असतात, त्यांचे दगडी बांध, झाडांची खोडं, खडकांचे उंचवटे असतात. दिवाळीत ज्या जागेवरून बोट बिनधास्त गेली त्याच जागी एप्रिलमध्ये खडक पाण्याच्या जेमतेम हातभर खाली असतो, कारण पाणी उतरलेलं असतं. म्हणून "गेल्या वेळी इथूनच गेलो होतो" हा पुरावा धरू नका. त्या दिवशी, त्या पातळीला, बोटवाल्याने मागे कोणालाही न घेता तो पट्टा एकदा फिरून बघितला आहे का, ते विचारा. खोली किमान दोन मीटर हवी आणि बोटीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस मीटर पाणी मोकळं हवं. मासेमारीची जाळी लावलेली असतील, पाणवेली साचल्या असतील, तर तो पट्टा सोडा. धरणाची भिंत, दरवाजे आणि पाणी उचलण्याच्या विहिरी यांच्या जवळपासही फिरकायचं नाही. नांदूर मध्यमेश्वरचं पाणी बघून कोणाला मोह झालाच तर, ते पक्षी अभयारण्य आहे, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथे दुर्बीण घेऊन जावं.

पावसाळ्यात हा विषयच काढू नका. गंगापूरमधून विसर्ग सुरू झाला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला आपण सगळे रामकुंडावर जातो. ते पाणी ज्या जलाशयातून सुटतं तिथे दरवाज्यांकडे ओढ असते, वरून झाडंझुडपं वाहून येत असतात आणि पाण्याखालचं काहीच दिसत नाही.

मात्र वळवाचा वारा फसवा असतो, कारण तो सुट्टीच्या ऐन हंगामात येतो. दुपारपर्यंत लख्ख ऊन आणि चार-पाच वाजता एकाएकी धुळीचा लोट, पाठोपाठ पाणी उसळतं. २१ मे २०२४ ला उजनी धरणात कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. उन्हाळ्यात सकाळी जा. सकाळचं पाणी शांत असतं, शिकायलाही तेच बरं. पश्चिमेकडे ढग काळे होताना दिसले, वारा फिरला, वीज चमकली, की पैसे भरले असले तरी काठावर या. अंधार पडल्यावर कोणालाही बोटीमागे ओढायचं नाही, कारण पडलेल्या माणसाचं डोकं पाण्यात नारळाएवढं दिसतं आणि संधिप्रकाशात तेही दिसत नाही.

थंडीचंही एक सांगतो. जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली येतो. ओल्या अंगावर बोटीचा वारा लागला की बोटं बधिर होतात आणि हँडलवरची पकड जाते. वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा, ऊब राखणारा रबरी पोशाख) नसेल तर फेऱ्या छोट्या ठेवा, टॉवेल आणि कोरडे कपडे बोटीतच ठेवा. मूल थरथरायला लागलं की त्याची त्या दिवसाची राइड संपली.

आणि नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गंगापूर धरणाच्या वाटेवर द्राक्षमळे आणि वायनरी आहेत. पाहुणे आले की सकाळी वाइन टेस्टिंग आणि दुपारी बोटिंग असा बेत सहज ठरतो. तो बेत उलटा करा. पाणी आधी, वाइन नंतर. दोन ग्लासांनी तोल जातो, अंदाज चुकतो आणि गार पाण्यात अंगातली ऊब लवकर निघून जाते. हे चालकाला, मागे बसलेल्याला आणि दोरीवरच्याला, तिघांनाही लागू आहे.

बोट आणि बोटीतली माणसं

किमान तीन माणसं लागतात. एक दोरीवर, एक चालवायला आणि एक मागे तोंड करून बसायला. हा तिसरा माणूस, म्हणजे निरीक्षक, बहुतेक ठिकाणी गायब असतो आणि तिथेच गडबड होते. चालकाने पुढेच बघायचं असतं. तो दर दहा सेकंदाला मान वळवून मागे बघायला लागला तर बोट तेवढा वेळ आंधळी चाललेली असते. निरीक्षक खुणा वाचतो, चालकाला मोठ्याने सांगतो, पडल्या पडल्या हात वर करून ओरडतो. तो मोबाईलवर रील काढत बसलेला नको. जेट स्कीने ओढणार असतील तर ती तीन जणांच्या क्षमतेचीच हवी, कारण पडलेल्याला उचलल्यावर तिसरी जागा लागतेच.

चढण्याआधी हे विचारा, संकोच करू नका. चालकाने प्रशिक्षण कुठे घेतलं? गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम होतात. तिथलं प्रमाणपत्र असेल तर ते दाखवायला कोणी कां-कू करत नाही. व्यवसायाची नोंदणी आहे का? महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. बोटीवर किती जण चालतात? १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तेव्हा डोकी मोजा, आणि बोटीत बसलेल्यांच्या अंगावरही जॅकेट बघा.

एक गोष्ट न विचारता दिसते. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला लाल, गोफासारखी दोरी अडकवलेली हवी, तिचं दुसरं टोक इंजिनच्या किल स्विचला. चालक उडून पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडतं. ती दोरी स्विचलाच लोंबत असेल, तर माझ्या मते त्या बोटीमागे जाऊ नये.

पेट्रोल भरणं काठावर, इंजिन बंद ठेवून आणि कोणी पाण्यात नसताना. गंगापूरचं पाणी शहराच्या नळाला येतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जॅकेट, दोरी, कपडे

जॅकेट फोमचंच हवं. हवा भरून फुगणारी जॅकेटं या खेळासाठी नसतात, वेगात पाण्यावर आपटल्यावर त्यांचा भरवसा नाही. हातात आल्यावर आधी फोम दाबून बघा, दबून कडक राहिला असेल तर तो मेलेला आहे. उन्हाने कापड फिकं पडून शिवण उसवली असेल, बकलवर पांढऱ्या चिरा असतील, तर दुसरं मागा. मग घालून सगळे पट्टे आवळा आणि सोबत्याला दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात ते अजून वर येईल आणि तोंडच झाकेल. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाला "जरा सैल आहे" म्हणून चालवून घेऊ नका.

दोरीकडे बहुतेक जण बघतच नाहीत, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. स्कीची दोरी हँडल धरून साधारण २३ मीटर असते. ट्यूबची दोरी १५ ते २० मीटर आणि जाड, कारण ट्यूब पाण्यात रुतते आणि ताण कितीतरी जास्त येतो. एक जण बसणार असेल तर दोरी ६८० किलोचा ताण सोसणारी हवी, दोघांना सुमारे १०८०, तिघांना १५२०, चौघांना १८६०. म्हणून स्कीची दोरी ट्यूबला लावायची नाही. दोरी बोटांमधून ओढून बघा. उन्हाने खाल्लेली दोरी खरखरीत होते, तंतू केसांसारखे उभे राहतात आणि वाकवली की कोरडी करकरते. हँडल आणि ट्यूबच्या कडीपाशी जिथे ती पिळून गुंफलेली असते तिथे आधी झिजते. आणि मध्येच गाठ मारून जोडलेली दिसली तर सरळ नकार द्या. गाठीने दोरीची ताकद निम्म्यापर्यंत घटते. ताणात तुटलेली दोरी चाबकासारखी बोटीकडे उलटते, त्यामुळे बोटीतल्या कोणीही तिच्या रेषेत बसायचं नाही.

कपड्यांत ओढणी, साडी, जीन्स, सैल कुर्ता नको. अंगठी, मंगळसूत्र, कानातले डूल, गळ्यातली माळ, मोबाईलचं गळ्यात लटकणारं पाकीट, सगळं काठावर. अंगठी हँडलमध्ये अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. केस घट्ट बांधा. अर्ध्या मांडीपर्यंतची वेटसूट पँट स्त्रियांनी तर घालावीच, पुरुषांनीही घालावी. वेगात पाय फाकून बसकं पडलं की पाण्याचा झोत योनीमार्गात किंवा गुदद्वारात जोराने शिरतो आणि आत इजा होते. याबद्दल काठावर कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिलं. हेल्मेट घालणार असाल तर जलक्रीडेचंच. मोटारसायकलच्या हेल्मेटमध्ये पाणी भरून मानेला हिसका बसतो.

खुणा पाठ करा

इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा. डोक्यावर थोपटणं म्हणजे काठाला न्या. गळ्यावरून आडवा हात म्हणजे इंजिन बंद, आत्ता. पडल्यावर डोक्यावर हात उंच केला की "मी ठीक आहे". ही शेवटची खूण दिसली नाही तर बोटीने तुम्ही जखमी आहात असंच समजून यायचं. निघण्याआधी काठावर चालक, निरीक्षक आणि तुम्ही, तिघांनी मिळून या खुणा एकदा करून बघा. वेगवेगळ्या क्लबात एखादी खूण वेगळी असू शकते.

पहिल्यांदा उभं राहताना

२ जुलै १९२२ ला अमेरिकेतल्या मिनेसोटात राल्फ सॅम्युएलसन नावाचा तरुण पहिल्यांदा पाण्यावर स्की करून गेला. आधीचे त्याचे सगळे प्रयत्न फसले होते. जमलं ते मागे रेलून, स्कीची टोकं पाण्याबाहेर ठेवल्यावर. आजही शिकवतात ते हेच.

आधी काठावर सराव. जमिनीवर बसा, गुडघे छातीशी, हात सरळ, कोणीतरी हँडल हळू ओढेल आणि तुम्ही उकिडवे वर याल. मग त्याच अवस्थेत मुद्दाम हँडल सोडा. "सोड" म्हटलं की विचार न करता बोटं उघडली पाहिजेत, इतकं ते अंगवळणी पडू द्या.

पाण्यात तसंच. गुडघे छातीशी, दोन्ही स्कींची टोकं वर, दोरी दोहोंच्या मध्ये. बोट सावकाश पुढे जाऊन दोरीतला ढील काढेल. दोरी ताठ झाली आणि बोटीपुढचं पाणी मोकळं असलं की मगच तुम्ही "चला" म्हणायचं. निघायचं केव्हा ते दोरीवरचा ठरवतो, चालक नाही. हात वाकवून स्वतःला ओढू नका, उठायची घाई करू नका, बोटीला तुम्हाला उचलू द्या. मोठ्या माणसाला दोन स्कींवर शिकताना ताशी ३० ते ४० किलोमीटर पुरतात, लहान मुलांना २० ते २५. दोरी हाताला, मनगटाला किंवा कमरेला कधीच गुंडाळायची नाही आणि हँडलमधून हात किंवा पाय घालायचा नाही. तोल गेला असं वाटलं तरी सोडा. नवशिके हट्टाने धरून ठेवतात आणि तोंडावर फरफटत जातात. पडणं टळत नसेल तर बाजूला किंवा मागे पडा.

पाण्यात पडल्यावर

हात वर करून खूण करा, एक स्की उभी धरा म्हणजे दुसऱ्या बोटींना तुम्ही दिसाल, आणि आहात तिथेच थांबा. बोटीमागे पोहत जाऊ नका. बोट लगेच वेग कमी करून वळते आणि चालकाच्या बाजूने जवळ येते, म्हणजे तुम्ही सतत त्याच्या नजरेत राहता. जवळ आल्यावर न्यूट्रल पुरत नाही, इंजिन पूर्ण बंद हवं. बोटीखालचा तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३२०० फेरे घेत असेल तर एका सेकंदात १६० घाव बसतात, हा साधा हिशेब आहे. इंजिन बंद झाल्याचं कानांनी ऐका, चालकाने सांगितल्यावरच शिडीला हात लावा.

चालू इंजिनच्या बोटीच्या मागच्या फळीला धरून लोंबकळणं हा खेळ नव्हे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि माणूस गुपचूप बेशुद्ध होऊन पाण्यात घसरतो. चालू बोटीच्या मागे सहा मीटरच्या आत कोणी नको.

बंपर आणि बनानावर

यांना लोक पोरांचा खेळ समजतात. पण स्कीवरचा माणूस निदान वळू शकतो, ट्यूबवरच्याला तेही करता येत नाही. बोट वळली की ट्यूब बाहेरच्या बाजूला भिरकावली जाते आणि तिचा वेग बोटीपेक्षा जास्त होतो. तिथेच दुसरी बोट, खांब किंवा काठ असला तर संपलं. म्हणून रुंद वळणं, मोकळं पाणी आणि मोठ्यांना जास्तीत जास्त ताशी ३० किलोमीटर, मुलांना १५ ते २०. दोघं-तिघं बसले की उसळीत डोक्यावर डोकं आपटतं, तेव्हा साधारण सारख्या वजनाची माणसं एकत्र बसवा आणि बाप-लेकाची जोडी टाळा. सहा वर्षांखालच्या मुलाला बसवूच नये असं माझं सांगणं आहे, मग शेजारी कोणीही असो.

किनाऱ्यावर बनाना मुद्दाम उलटवतात, "मजा येते" म्हणून. बसण्याआधीच चालकाला सर्वांसमोर सांगा, "भाऊ, आम्हाला उलटवायचं नाही." पोहता न येणारी आई, चष्मा काढून बसलेला काका, घाबरलेलं मूल यांच्यासाठी ती मजा नसते, आणि उलटल्यावर एकमेकांच्या लाथा-कोपरं तोंडावर बसतात. चालकाने ऐकलं नाही तर बसू नका.

वाईट वेळ आलीच तर

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, नजर हरवलेली आणि आवाज नाही, असं दिसलं की ते बुडणंच समजा. पोहून झेप घेण्याआधी त्याच्याकडे दोरी, रिंग किंवा जॅकेट फेका.

जोरात आपटून पडलेला माणूस मान दुखते म्हणाला किंवा हातापायाला मुंग्या येतात म्हणाला तर त्याला ओढून बोटीत घेऊ नका. पाण्यातच उताणा तरंगता ठेवा, डोकं-मान-पाठ एका रेषेत धरा आणि मदत मागवा. श्वास चालू नसेल तर मात्र मानेचा विचार बाजूला ठेवून आधी बाहेर काढा.

बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, खांद्यावर घेऊन पळणं, पोट दाबून पाणी काढणं हे आपल्याकडे अजून चालतं. त्यात जीव वाचवायची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जातं. श्वास नसेल तर एकाने ११२ किंवा १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने त्याला कडक जागेवर उताणं झोपवून, डोकं मागे करून तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावं. ३० दाब, २ श्वास, हे मदत येईपर्यंत चालू ठेवायचं. श्वास द्यायला येत नसेल तर नुसतं दाबत राहिलात तरी चालेल.

शुद्धीवर आला, हसला, चहा प्यायला, तरी घरी नेऊ नका. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: तो किती वेळ पाण्याखाली होता, डोकं किंवा मान आपटली होती का, आणि दारू घेतली होती का. खोकला, धाप किंवा गुंगी सुरू झाली तर थांबू नका, लगेच पुन्हा दाखवा.